आबा बसले की लागणारा दिवा

हैबतराव गाडीत बसले की दिवा लागायचा. दुसरं कुणी बसल्यावर लागतो का, हे सांगणं अवघड होतं, कारण त्या सीटवर दुसरं कुणी बसतच नसे.

माणमधल्या त्या घरात काही गोष्टी न बोलता ठरलेल्या होत्या. पहिलं ताट कुणाचं, ओट्यावरची खुर्ची कुणाची आणि गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी कोण, या सगळ्याचं उत्तर एकच होतं: आबा. सगळं गाव हैबतरावांना आबा म्हणायचं. मुलगा दिग्विजय एकटा निघाला तरी हातातली पिशवी मागच्या सीटवर ठेवायचा. पुढची जागा आबांची, मग तिथे आबा असोत नाहीतर नसोत. सून उषा नवऱ्याबरोबर बाजारात जाताना मागे बसायची. वरच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या आयटीतल्या पोरांना बरेच दिवस वाटत होतं, की दिग्विजय हा या बाईंनी ठेवलेला ड्रायव्हर आहे.

आणि आबांची बायको हेमलता? ती कुठेच बसायची नाही. गाडी निघाली की ती फाटकापर्यंत यायची, सांभाळून जा म्हणायची आणि आत जाऊन आपल्या कामाला लागायची. “आमच्या हिला हिंडायची हौस न्हाई,” आबा चारचौघांत कौतुकाने सांगत. “घर भलं नि ती भली.” हेमलता यावर कधी काही बोलली नाही. माणसाला एकदा नाव पडलं की ते पुसत बसायला आयुष्य जातं, आणि तिला इतर कामं होती.

खरी गोष्ट अशी, की हेमलताला हिंडायची भारी हौस होती. पण तिला गाडी लागायची. सरळ रस्त्यावर नाही. वळणं सुरू झाली की. दिग्विजय कडेवर होता तेव्हा सगळं घर जीप करून ताम्हिणी घाटातून खाली निघालं होतं. आबा पुढे, बायका-पोरं मागच्या आडव्या बाकांवर. मुळशी धरणाच्या कडेची वळणं लागली आणि हेमलताच्या पोटात जे ढवळायला लागलं, ते थेट समोर बसलेल्या चुलतसासऱ्यांच्या धोतरावर जाऊन थांबलं. हिला बरं नाही एवढंच पुढे कळवण्यात आलं. एका जावेच्या सोबतीने तिला घरी परत पाठवलं आणि जीप पुढे गेली. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. नंतर कुणी चल म्हटलं की ती म्हणायची, “घरी कुणीतरी पाहिजे.” पुढे पुढे कुणी म्हणेनासं झालं.

त्यामुळे घाटाखाली निजामपूरला दिलेली तिची धाकटी बहीण जाई तिला भेटायची ती पुण्यातल्या लग्नकार्यांत, ताटाला ताट लावून, घाईघाईत. आता जाईने नवं घर बांधलं होतं. रविवारी वास्तुशांत होती. फोनवर जाई आमंत्रण म्हणून बोलली नाही, भांडलीच. “ताई, माझ्या लग्नात तू मला हळद लावलीस. त्यानंतर माझ्या उंबऱ्याला तुझा पाय लागला न्हाई. आता आपण दोघी म्हाताऱ्या झालो. ह्या घरी तरी ये.”

हेमलता म्हणाली, “बघते.” फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली आणि मग तिने स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. घाटाला भिऊन सख्खी बहीण सोडलेली बाई, असं तिचं तिलाच वाटलं.

गाडीतल्या दिव्याची भानगड नेमकी याच दिवसांत जोरात होती. स्टिअरिंगच्या मागे एक तांबडं चित्र पेटायचं: सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात एक गोल. हेमलता त्याला कलिंगडवाला म्हणायची. दिग्विजयने सांगितलं, की ते कलिंगड नव्हे, एअरबॅग. धडक बसली तर फुगा बाहेर येऊन माणसाला वाचवतो, आणि हा दिवा लागला म्हणजे फुग्यात काहीतरी बिघाड आहे. आबा बसले, गाडी थोडी पुढे गेली की कलिंगडवाला हजर. मारुतीच्या पारावर याचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. “आबा, पोट कमी करा. गाडी घाबरतीया,” असं कुणीतरी म्हणालं आणि आबांनी दोन दिवस पाराचं तोंड पाहिलं नाही. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्याला गाडीने चिडवावं म्हणजे काय.

घोटवडे फाट्यावर गौतमीचं गॅरेज होतं. म्हणजे पत्र्याची एक शेड, भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्या शेजारी खिळ्यांना टांगलेली वायरींची भेंडोळी आणि एक लॅपटॉप. गौतमी पिरंगुटची. मोठ्या सर्व्हिस सेंटरला काही वर्षं काढून तिने गाड्यांच्या वायरिंगचं स्वतःचं काम सुरू केलं होतं. तिशीही न गाठलेली, तोंडाने फटकळ आणि हसरी. तिने दिग्विजयला दोनदा लॅपटॉपवरून बिघाडाचा कोड पुसून दिवा घालवून दिला होता आणि दोनदा तो परत आला होता. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “आता नुसती गाडी आणू नको, दादा. बसणारी माणसं घेऊन ये. आबा आन दुसरं कुणीतरी.”

उषाला खोल्यांच्या नळाचं काम निघालं होतं. मग दुसरं कुणीतरी म्हणून हेमलता निघाली.

“हिला कशाला?” आबा म्हणाले. “हिला गाडीची आवड न्हाई.”

पण हेमलता एव्हाना मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती. आबांनी नेहमीप्रमाणे दाराशी वहाणा काढल्या. ज्या गाडीची पूजा केली, तिच्यात वहाणा घालून बसायचं नाही, हा त्यांचा नेम गाडी आली त्या दिवसापासूनचा. बसले, दार लावलं, “दाब जरा,” असं मुलाला म्हणाले आणि गाडी निघाली. घोटवड्याचं वळण येईपर्यंत हेमलताने डोळे मिटून घेतले आणि दिवा लागला.

गौतमीने लॅपटॉपची वायर स्टिअरिंगच्या खाली जोडली. “हे बघा,” ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. “डाव्या सीटच्या पाठीत एक एअरबॅग शिवलेली हाय. तिची वायर सीटखालनं जाते. गाडीचा कॉम्प्युटर शाळेतल्या बाईंसारखा सारखी हजेरी घेतोय. वायरीनं ‘हजर’ म्हणायचं. मधेच कधी उत्तर गेलं न्हाई, की बाई दिवा लावतात आन वहीत नाव टाकतात. तो कोड. तुमच्या गाडीत लिहिलंय, डाव्या बाजूच्या एअरबॅगचं सर्किट, अडथळा जास्त.”

“मग मीटर लावून बघ की,” दिग्विजय म्हणाला.

“एअरबॅगला थेट मीटर लावायचा नसतो. त्या करंटनं फुगा उडाला तर मी पत्र्याच्या वर जाईन.”

तिने कोड पुसला आणि आबांना बसायला सांगितलं. गाडी कुठे जायची नव्हती, म्हणून वहाणा दाराशी तशाच ठेवून आबा आत बसले. गौतमी त्यांना डुलायला लावत होती, मागे रेला म्हणत होती, पट्टा लावा नि काढा म्हणत होती, आणि स्क्रीनवरचा अडथळ्याचा आकडा जागचा हलत नव्हता. तिने सीटखाली हात घालून वायरी हलवल्या. काही नाही. आबांच्या चेहऱ्यावर विजयाची कळा आली.

“आता एक चक्कर मारून या,” गौतमी म्हणाली. दिग्विजय आणि आबा लवळ्याच्या बाजूला जाऊन आले. गाडी शेडमध्ये शिरली तेव्हा कलिंगडवाला झगझगीत पेटलेला होता. आबा वहाणा पायात घालून उतरले आणि कुणाकडे न बघता बाकड्यावर जाऊन बसले.

गौतमीने कोड परत पुसला. “मावशी, आता तुमी या. मी चालवते.”

हेमलता त्या दाराशी जाऊन थांबली. नवऱ्याच्या खुर्चीला हात लावताना वाटावं तसं तिला वाटलं. आबा बाकड्यावरून बघत होते. “बस की,” ते म्हणाले. “तपासायचंच हाय तर तपासू दे.” मग तिने आपल्या पातळ चपला काढून बाकड्याखाली सारल्या आणि अनवाणी आत बसली.

गौतमीने गाडी पौडच्या रस्त्याला लावली आणि मुद्दाम वळणावळणाने, खड्डे शोधत नेली. पहिल्या वळणाला हेमलताने सवयीने पदर तोंडाशी नेला. काहीच झालं नाही. दुसऱ्या वळणाला तिने पदर खाली घेतला. पुढे सगळा रस्ता उघडा दिसत होता. वळण येणार हे आधी कळत होतं, आणि कळत होतं म्हणून पोट शांत होतं. भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती, लांबवर डोंगर होते, एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती आणि हेमलता तिला पुरती गाठून मागे टाकेपर्यंत बघत राहिली. एवढी वर्षं गाडी म्हणजे समोरच्या सीटची पाठ, एवढंच तिला माहीत होतं.

“बाई गं,” ती म्हणाली, “हितनं एवढं दिसतं व्हय?”

आणि मग, अनोळखी माणसापाशी जशा गोष्टी पटकन निघतात तशी, तिने गौतमीला सगळी गोष्ट सांगितली. जीप, धोतर, जाई, रविवार, सगळं. धोतराचा भाग आला तेव्हा गौतमीला गाडी कडेला घ्यावी लागली, इतकी ती हसली.

“म्हंजे पुढं बसलं की तुमाला काय होत न्हाई,” डोळे पुसत ती म्हणाली. “लई लोकांचं असतं तसं. घरी सांगितलं का न्हाई कधी?”

“काय सांगू? तुमी उठा, मला बसू द्या?” हेमलता म्हणाली. “आपल्यात असं बोलतंय का कुणी?”

गौतमीने स्टिअरिंगच्या मागे नजर टाकली. दिवा नव्हता. “तुमी बसलात तर वायर कशी गप गुमान हजेरी देतीया. मला वाटतं, सीटखाली पिवळा प्लग हाय ना, त्यात काहीतरी हाय. हातानं हलवला तर घट्ट वाटतो. पण आबा बसून गाडी चालली, की त्याला कशाचा तरी दाब येत असणार. वजनाचा म्हणावं, तर शेडमधी आबा एवढे नाचले तरी काय झालं न्हाई.”

हेमलताने नकळत खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. रिकामी मोकळी जागा. आणि एकदम तिच्या डोळ्यांपुढे आबा उभे राहिले, बसून, दार लावून, टाचेने वहाणा सीटखाली रेटणारे. जाड कातड्याच्या, नाल ठोकलेल्या, एकेक अर्ध्या विटेएवढी. गाडी निघायच्या आधी तो ‘धप्प’ आवाज तिने फाटकात उभं राहून किती वेळा ऐकला होता. शेडमध्ये वहाणा बाहेर होत्या. चक्कर मारायला गेले तेव्हा आत गेल्या. उतरताना परत पायात.

ती तोंड उघडणार होती. पण समोर रस्ता होता, डोंगर होते, आणि डोंगरांच्या पलीकडे जाई होती. हेमलता मूग गिळून बसली.

शेडमध्ये परत आल्यावर निकाल लागला. हेमलता बसली की दिवा लागत नाही. “कारण सापडेपर्यंत आबांनी त्या सीटवर बसू नये,” गौतमीने सांगितलं. “दिवा लागला तर फुगा उघडंलच असं न्हाई. मावशी बसल्या तर चालंल. पण दिवा दिसला की त्यांनीबी मागं जायचं. मी उद्या घरी येऊन सीट पुरती काढून बघते.”

“मग रविवारी आई पुढं बसंल,” दिग्विजय म्हणाला.

“तिला यायचंच न्हाई,” आबा म्हणाले.

“यायचंय,” हेमलता म्हणाली.

त्या दिवशी तिने जाईला फोन करून सांगितलं, “येते.” जाईने ते तिच्याकडून आणखी दोनदा वदवून घेतलं.

शुक्रवारी गौतमी येऊन अंगणात गाडीखाली आणि सीटखाली आडवी झाली. सीट काढली, प्लग उघडला, पुसला, परत बसवला, आणि काही सापडलं नाही म्हणून स्वतःवरच चिडली. पुण्याहून नवी वायरिंग मागवावी का, असं ती दिग्विजयशी बोलत होती. हेमलता तिला चहा देताना तिच्या नजरेला नजर देत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. ओट्यावर काढून ठेवलेल्या वहाणासुद्धा आपल्याकडे बघताहेत असं तिला वाटायला लागलं, आणि एकदा तर तिने त्या उचलून दाराआड ठेवल्या.

शनिवारी सकाळी आबा ओट्यावर चहा घेत बसले होते. पारावर गेले नव्हते. बशी खाली ठेवून ते म्हणाले, “चार एकर कसली, घर बांधलं, गाडी आणली. आता गाडीलाबी मी जड झालो.”

हे ते रागाने म्हणाले असते तर हेमलता आणखी एक दिवस गप्प राहिली असती. पण ते रागाने म्हणाले नाहीत. तिला तिथल्या तिथे भरून आलं. माणूस हेकट असेल, सगळ्यात पुढची खुर्ची पकडून बसणारा असेल, पण तो तिचा होता, आणि तिच्या एका रविवारासाठी तो असा खचून बसावा हे तिला बघवेना.

“गाडीला तुमी जड न्हाई झालात,” ती म्हणाली. “तुमच्या वहाणा जड हायेत. उठा. गौतमीकडं जाऊ.”

फाट्यावर गौतमीने लॅपटॉप जोडला. “आबा, जरा निघाल्यासारखं बसा,” हेमलता म्हणाली. त्या दोन दिवसांत ती नवऱ्याला नावाने हाक मारल्याच्या थाटात बोलायला लागली होती. आबांनी वहाणा काढल्या, उचलल्या, आत बसले, दार लावलं आणि टाचेने रेटलं. धप्प. दिग्विजयने गाडी हातभर पुढे घेतली तसा स्क्रीनवरचा आकडा उडाला आणि कलिंगडवाला पेटला. वहाणा बाहेर ओढल्या, आकडा जागेवर आला. परत रेटल्या, परत उडाला.

गौतमी खाली फरशीवरच बसली आणि हसू आवरेपर्यंत तिथून उठली नाही. मग तिने प्लगचं लॉक बदललं, वायर वरच्या बाजूने नेऊन पट्ट्यांनी आवळून बांधली, आणि आबांना वहाणा घेऊन एक चक्कर मारून यायला पाठवलं. दिवा लागला नाही. “तरीबी आबा, सीटखाली काय सारायचं न्हाई,” तिने बजावलं. “ती जागा वायरींची हाय.”

“म्हंजे माझं वजन न्हवतं,” आबा म्हणाले. त्यांनी ते दिग्विजयला सांगितलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगितलं, आणि माणला पोचल्यावर पारावर उतरून सगळ्या गावाला सांगितलं.

गॅरेजमधून निघताना गौतमीने हेमलताला बाजूला घेतलं होतं. “मावशी, तुमाला हे सुचलं कधी?”

“तुझ्या शेजारी बसले हुते तवाच.”

काल दिवसभर गौतमी सीटखाली आडवी होती, हे दोघींनाही आठवत होतं. “मला पुढं बसायचं हुतं गं,” हेमलता म्हणाली.

“मी सीट दुरुस्त केली,” गौतमी म्हणाली. “ती कुणाची, हे काय मला लॅपटॉपात दिसत न्हाई. ते तुमी बोलायचं.”

रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी होती. मागे आहेराची पिशवी घेऊन उषा बसली होती. हेमलताने हिरवं लुगडं नेसलं होतं. सीट दुरुस्त झाली होती, म्हणजे ती आबांची होती. पुढचं दार उघडून आबा वहाणा काढायला वाकले. मागचं दार तिच्यासाठी उघडं होतं. ‘घरी कुणीतरी पाहिजे’ हे शब्द तिच्या ओठांवर अगदी तयार होते. इतक्या वर्षांची सवय.

“मला मागं गाडी लागती,” ती म्हणाली.

आबा वाकलेले तसेच राहिले.

“मागं बसलं की मला ओकाऱ्या होतात. पुढं बसलं की होत न्हाईत. मला हिंडायची हौस न्हाई, असं न्हाई. लई हौस हाय. मला जाईकडं जायचंय, आन मला पुढं बसायचंय.”

उषा गाडीतून बघत होती. दिग्विजयने किल्ली काढून हातात घेतली, मग परत लावली. वरच्या खोल्यांतलं एक पोरगं गॅलरीत दात घासत उभं होतं, ते घासायचं थांबलं. आबांनी बायकोकडे पाहिलं, मग सीटकडे, मग पुन्हा बायकोकडे. त्यांना राग आला होता की नवल वाटलं होतं, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं.

“मग बस की,” ते अखेर म्हणाले. “त्यात रडायला काय झालं?”

आपण रडतोय हे हेमलताला तेव्हा कळलं.

आबा मागे बसले. सीटखाली काही सारायचं नाही हे त्यांच्या ध्यानात होतं, म्हणून वहाणा मांडीवर घेऊन बसले. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला आहेराची पिशवी, गुडघे छातीशी. पौड गेलं. धरणाचं पाणी दिसायला लागलं तशी हेमलता पुढून सगळं सांगायला लागली: तो बगळा बघा, ते पाणी बघा, त्या डोंगराला सुळका कसा आलाय बघा. मागून आधी हुंकार येत होते. मग येईनासे झाले.

“आबा, काय झालं?” उषाने विचारलं.

“काय न्हाई.”

घाटाच्या तोंडाशी दोन वळणं झाली असतील-नसतील, आबांनी वहाणा सुनेच्या मांडीवर टाकल्या आणि मुलाच्या खांद्यावर थाप मारली. “थांब. थांब.” दिग्विजयने कडेला घेतली. दार उघडून आबा अनवाणीच उतरले, कठड्याशी गेले, आणि सकाळच्या चहापासून सगळं दरीला अर्पण केलं.

हेमलता त्यांच्या मागोमाग गेली. पाठीवरून हात फिरवला, बाटलीतलं पाणी दिलं. आबांनी चुळा भरल्या, तोंड पुसलं आणि ते कठड्यावर बसून राहिले. चेहरा पिठासारखा झाला होता.

“जीपमधी,” ते म्हणाले. “त्या टायमाला. तुला हेच झालं हुतं?”

“व्हय.”

“असंच?”

“असंच. पण तुमी दरीत ओकलात. मी काकांच्या धोतरावर.”

आबांना हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. “आन मी लोकांस्नी सांगत हिंडलो,” ते म्हणाले आणि बाटलीतलं पाणी परत तोंडावर मारलं.

हेमलताला त्यांची दया आली. तिने पुढच्या दाराकडे बोट केलं. “तुमी बसा पुढं. घाट उतरेपर्यंत. मी काढीन कशीतरी कळ.” तिने हे मनापासून म्हटलं, आणि म्हणता म्हणता पदर तोंडाशी नेला.

आबा उठले. चालत गाडीपाशी गेले, पुढच्या दारावरून पुढे, मागच्या दारापर्यंत. सुनेच्या मांडीवरच्या वहाणा उचलून त्यांनी परत आपल्या मांडीवर घेतल्या.

“जाई उंबऱ्यात उभी असंल, चल बस,” ते बायकोला म्हणाले. मग मुलाला म्हणाले, “दिग्या, जरा हळू घे. मागं माणूस हाय.”